सुईच्या टोकावरचं कैरो

इजिप्तचं पाच रात्री-सहा दिवसांचं पॅकेज घेतलंत, तर कैरो तुम्हाला साधारण असं दिसतं. सकाळी पिरॅमिड, उंटावर बसून फोटो, दुपारी म्युझियम, रात्री नाइलवरच्या क्रूझवर बेली डान्स. मधल्या वेळात एक पपायरसचं दुकान आणि एक अत्तराचं, जिथे गाइडचं कमिशन ठरलेलं. जुन्या बाजारासाठी पाऊण तास. तेवढ्यात फ्रिज मॅग्नेट घ्यायचे आणि पळत बस गाठायची. ऑफिसात वाटायला मॅग्नेट बरे पडतात म्हणा.

पिरॅमिड बघू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. ते जरूर बघा. त्यांच्या जवळच १ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्रँड इजिप्शियन म्युझियमचं रीतसर उद्घाटन झालंय आणि तुतनखामेनच्या थडग्यातल्या ५ हजारांहून जास्त वस्तू तिथे पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात. अर्धा दिवस सहज जातो. माझं म्हणणं एवढंच, की एक अख्खा दिवस गाइडकडून सोडवून घ्या आणि जुन्या कैरोत पायी भटका. स्पोर्ट्स शूज घाला, पाण्याची बाटली घ्या, बस्स.

सुरुवात करायची ती बाब अल-फुतूह या वेशीपासून. इथून बाब झुवैला या दुसऱ्या वेशीपर्यंत साधारण दीड किलोमीटरचा रस्ता आहे, त्याचं नाव अल-मुइझ स्ट्रीट. फातिमी राजवटीने ९६९ साली वसवलेल्या शहराचा हा कणा. दोन्ही बाजूंना मशिदी, मदरसे, पाणपोया आणि त्यांच्या पायथ्याशी तांब्याची भांडी, हुक्के, शाळेची दप्तरं विकणारी दुकानं. १२८५ साली पूर्ण झालेल्या सुलतान कलावूनच्या वास्तूत तर मदरसा, मकबरा आणि हॉस्पिटल असं सगळं एकाच आवारात होतं.

वेशीतून आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला अल-हाकिम मशीद लागते. आम्ही चपला हातात घेऊन आत गेलो आणि कानावर काय पडावं, तर चक्क गुजराती! फुलाफुलांचे रिदा घातलेल्या चार-पाच काकू अंगणात निवांत बसल्या होत्या. ही मशीद १०१३ सालची. मधल्या शतकांत तिचे जाम हाल झाले, नेपोलियनच्या सैन्याने तर तिचं गोदाम केलं होतं. १९८०च्या सुमारास ती पुन्हा उभी केली ती दाऊदी बोहरा समाजाने, ज्याचं मुख्यालय आपल्या मुंबईत आहे. त्यांच्याच मदतीने झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०२३मध्ये ती परत खुली झाली. पांढराशुभ्र संगमरवर इतका चकचकीत, की काही अभ्यासकांना हे जरा जास्तच नवंकोरं वाटतं. मला विचाराल, तर अंगणात घसरगुंडी खेळणारी पोरं बघून मी तो वाद सोडून दिला.

बाब झुवैलाला पोचलात की तिकीट काढून वर चढा. १०९२ सालची ही वेस. शेवटचा ममलूक सुलतान तूमान बे याला १५१७ साली ऑटोमन तुर्कांनी इथेच फासावर लटकवलं. वरून मिनार, घुमट, डिश अँटेना आणि गच्चीवरची कबुतरखानी, सगळं एका फ्रेममध्ये येतं. फोटोसाठी झक्कास. आणि मग खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे, त्या अंधाऱ्या छपराखाली शिरा. माझ्या मते कैरोतली सगळ्यात भारी जागा ती.

तिचं नाव खयामिया, म्हणजे तंबूवाल्यांचा बाजार. उमर खय्याममधला खय्याम तो हाच, तंबू करणारा. सतराव्या शतकातला हा छप्पर असलेला बाजार. लग्न असो, मयत असो, रमझान असो, गल्लीत तंबू पडायचा आणि त्याच्या आतल्या बाजूला रंगीत कापडाच्या तुकड्यांची नक्षी असायची. आता तसे तंबू फारसे कोणी करून घेत नाही, म्हणून कारागीर तेच काम भिंतीवरचे पडदे आणि उशांचे अभ्रे यांच्यावर करतात. आणि शिवणारे सगळे पुरुष! मांडी घालून, कापड गुडघ्यावर घेऊन, दातात दोरा धरून.

एका दुकानात साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. तिथे कारागिराला ‘उस्ता’ म्हणतात, म्हणजे आपला उस्तादच. साबण, दुकान, खुर्ची, हवा हे शब्दही थोड्याफार फरकाने तिथे चालतात. बक्षीस तर चालतंच, जरा जास्तच चालतं. ‘हिंदी?’ असं विचारून उस्तांनी पुढचं वाक्य टाकलं, ‘अमिताब बच्चन!’ ओळख झाली. चहा आला.

मग त्यांनी फंडा समजावला. कागद घडी करून त्यावर नक्षी काढायची, रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद जाड कापडावर पसरून वरून कोळशाची पूड फिरवायची. रांगोळीचा छापा असतो ना, अगदी तसं. ठिपके उमटले की रंगीत सुती कापड ठेवायचं, कात्रीने कापत जायचं, कड सुईच्या टोकाने आत दुमडायची आणि बारीक टाका घालायचा. टाका दिसला तर काम कच्चं. कमळाच्या नक्षीचा एक मोठा पडदा त्यांनी उलगडला. किती दिवस लागले? ‘दोन महिने,’ ते म्हणाले, ‘डोळे ठीक असतात तेव्हा.’

मी मोबाइलवर आजीच्या गोधडीचा फोटो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो झूम केला, पुन्हा केला. ‘कोणी शिवली? बाईने? टाका सरळ आहे,’ असं सर्टिफिकेट मिळालं. आजी ऐकती तर म्हणाली असती, ‘त्यांनाच विचारा दोन महिने का लागतात.’

समोरच्याच दुकानात हुबेहूब तीच नक्षी ढिगाने पडली होती, मीटरवर. छापील कापड. रमझानमध्ये अख्खं कैरो लाल-निळ्या छापील कापडाने सजतं, ते हेच. उस्तांची तक्रार छापील कापडावर नव्हती, ते ज्याला हवं त्याने घ्यावं. तक्रार ही की लोक हातात छापील अभ्रा धरून त्यांच्याकडे येतात आणि विचारतात, तो एवढ्याला देतो, तुम्ही का नाही? त्यांचा एक मुलगा गाडी चालवतो, दुसरा मोबाइलच्या दुकानात. सुई कोणी धरली नाही. ‘बिन्ती,’ म्हणजे पोरी, ‘मीच त्यांना बसू दिलं नाही,’ ते म्हणाले आणि दुसऱ्या कापडाकडे वळले.

मार्च २०२४मध्ये इजिप्शियन पाउंड एका दणक्यात घसरला. डॉलर सुमारे ३१ पाउंडांवरून थेट पन्नाशीजवळ गेला. आपल्यासाठी ट्रिप स्वस्त झाली. तिथे मात्र महागाई भडकली आणि कारागिराचं कापड-दोरा त्यातून सुटला नाही. त्यामुळे आपल्याकडच्या टुरिस्टांचा ‘अर्ध्यात मागायचं’ हा नियम मॅग्नेट, पपायरस आणि छापील मालाला बिनधास्त लावा. हातशिलाईला लावताना मला तरी लाज वाटली. ओळखायचं कसं? वस्तू उलटी करा. मागच्या बाजूला टाक्यांच्या बारीक ओळी दिसल्या तर हातकाम. मी एक अभ्रा घेतला, सांगितलेल्या किमतीला. मैत्रिणीने ‘काय गं, घासाघीस विसरलीस?’ म्हणून पुढचे दोन तास पिडलं.

एव्हाना पोटात कावळे कोकलतात. उपाय, कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा झणझणीत रस्सा, लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. आपल्या खिचडीशी तिचं नातं असावं असं मानलं जातं, आणि नाव ऐकून ते पटतंही. शुद्ध शाकाहारी, पोटभर, स्वस्त. तहरीर चौकाजवळ शांपोलियों स्ट्रीटवरच्या अबू तारिकमध्ये मजल्यावर मजले फक्त कोशरीचे आहेत. गंमत म्हणजे डिसेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक झाली, तिथे आपल्या दिवाळीची वारसा यादीत नोंद झाली आणि कोशरीचीही. मिडीयम प्लेट मागवा. लार्ज संपवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि आमच्या ऑफिसात खाणारे कमी नाहीत.

परतताना मेट्रो घ्या. १९८७ साली सुरू झालेली आफ्रिकेतली ही पहिली मेट्रो. मधले डबे बायकांचे असतात. संध्याकाळी सहाला तिथे चढलेली मुंबईकरीण पाच मिनिटांत चौथी सीट मागायला लागेल.