दुसरी चढाई

दुसऱ्याच्या मुलाच्या अंगचे गुण घटकाभरात हेरून त्याच्या पुढच्या दहा वर्षांविषयी अनुमान बांधायचे, आणि ते सहीनिशी नोंदवहीत उतरवून मोकळे व्हायचे, हे काम ज्याच्या वाट्याला येते त्याने स्वतःला ज्योतिषी समजू नये आणि न्यायाधीशही समजू नये. कारण ज्योतिष्याला आपल्या भाकिताचा जाब सहसा द्यावा लागत नाही, न्यायाधीशापुढे जे प्रकरण येते ते घडून गेलेले असते, आणि कबड्डीच्या निवड समितीवर बसणाऱ्या माझ्यासारख्या व्यायामशिक्षकापुढे जे उभे असते ते अर्धेअधिक अजून घडायचेच असते. पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलांतली सोळा ते एकोणीस वर्षांची मुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात चाचणीसाठी येतात, आणि त्यांतून बारा जणांचा संघ काढून द्यावयाचा असतो. बारा नावे काढणे अवघड नाही. आज उत्तम खेळणारा कोण आणि उद्या उत्तम खेळेल असा कोण, याचे तारतम्य राखणे अवघड आहे. कारण ही दोन माणसे पुष्कळदा एक नसतात.

आमचा मुलूख मोठ्या विचित्र जागी वसलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, दफ्तरे बदलली, पण घरातली भाषा, शेतातला संत्रा आणि कापूस, आणि काटोल, सावनेर, वरूडकडच्या सोयरिकी होत्या तशाच राहिल्या. परिणामी सौंसरच्या मुलाने मध्य प्रदेशाचा गणवेश चढवायचा आणि सावनेरच्या त्याच्या मामेभावाने विदर्भाचा, कारण राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. अर्ज हिंदीत भरायचा, तक्रार असली तर तिची कैफियतही हिंदीत द्यायची, आणि मैदानात साखळीतल्या जोडीदाराला ओरडून सांगायचे ते मात्र मराठीत, ही आमच्याकडची रीतच आहे. खेळाची ओढ कागदावरच्या हद्दी मानीत नाही. अमरावतीच्या ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी परदेशी प्रेक्षकांना करून दाखवली, ते मंडळ आमच्यापासून दूर नाही; व्यायामाचे शिक्षण म्हटले की आमच्या पिढीच्या मनात पहिले नाव त्याच संस्थेचे येई.

चाचणीच्या दिवशी पहिला मान वजनकाट्याचा. कुमार गटाला ७० किलोंची मर्यादा आहे, वरिष्ठ पुरुषांना ८५ किलोंची. त्यामुळे मर्यादेच्या काठावरचे एखादे पोर आदल्या दिवसापासून पाण्याचा घोटही न घेता येते, काट्यावर उत्तीर्ण होते, आणि चार-दोन चढायांतच त्याचे पाय कापू लागतात. त्याच्यामागून उंची, धाव, उभ्या जागेवरून मारलेली उडी, आणि शेवटी जन्माचा दाखला. या दाखल्याकडे मी बराच वेळ पाहतो, ते केवळ लबाडी हुडकण्यासाठी नव्हे. सोळाव्या वर्षी ज्याला मिसरूड फुटून खांदे भरले आहेत तो मुलगा त्याच वयाच्या कोवळ्या पोरांना सहज फरपटत नेतो, आणि पाहणाऱ्यांना वाटते की हा जन्मजात खेळाडू. दोन वर्षांनी बाकीच्यांचेही खांदे भरतात, आणि मग ध्यानात येते की याच्यापाशी खांद्यांखेरीज दुसरे भांडवल नव्हते, कारण ज्याला सर्व काही बळानेच मिळत गेले त्याला युक्ती शिकण्याची गरज कधी पडलीच नाही. संत्र्याची कलमे विकत घेणारा आमच्याकडचा जाणता शेतकरी पालवीच्या तजेल्यावर भुलत नाही. तो खाली वाकून जंभेरीच्या खुंटावर डोळा कुठे भरला आहे आणि मुळ्या कशा आहेत ते पाहतो. मलाही वाकूनच पाहावे लागते.

वाकून पाहायचे म्हणजे प्रथम पाय पाहायचे. गावातले मैदान माती चाळून, पाणी मारून, दाबून तयार केलेले असते. त्यावर अनवाणी खेळत आलेल्या मुलाचा चवडा वळताना किंचित सरकतो, आणि त्या सरकण्यावर त्याची सारी लय बसलेली असते. चाचणी होते मॅटवर. तिथे बुटाचा तळ जागच्या जागी धरतो, अंग वळते आणि गुडघा मागे राहतो. म्हणून आरंभीचा काही वेळ मी कोणाचाही हिशेब मांडीत नाही, ही नवी जमीन कोणाच्या पायांना लवकर उमगते तेवढेच पाहतो. त्यानंतर टाच. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरांवर, तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनसरेषा, आणि चढाईला अवधी ३० सेकंदांचा. एवढ्याशा स्थळात आणि एवढ्याशा काळात सात जणांसमोर ज्याची टाच जमिनीला टेकते, तो तोंडाने कितीही जोरात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत असो, मनाने थबकलेला असतो. दमही ऐकण्यासारखा असतो. निदानरेषा ओलांडताना ज्याचा उच्चार एकाएकी चढतो, त्याची भीती डोळे मिटूनही कळते.

बचाव करणाऱ्यांची पारख याहून सूक्ष्म आहे. कोपरारक्षकाने चढाई करणाऱ्याच्या हातांकडे पाहिले की तो फसला. हात खोटे बोलतात, कंबर सहसा बोलत नाही. म्हणून कोपऱ्यातल्या मुलाची नजर कुठे खिळली आहे ते मी पाहतो. आणि त्याने घोट्याला हात घातल्याक्षणी शेजारच्या मध्यरक्षकाचे पाऊल कुठे पडते, ते तर अधिकच बारकाईने पाहतो. घोटा धरणाऱ्याच्या नावाचा गजर होतो, परंतु धरलेल्या घोट्याचा गुण होतो तो शेजारचा मुलगा अर्धे पाऊल आधी निघाला असेल तरच. त्या अर्ध्या पावलाला कोणी टाळी देत नाही, आणि टाळीवाचून ते रोज टाकणारा मुलगा संघात असल्याखेरीज संघ उभा राहत नाही.

धैर्याची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न आमच्या गावात निराळेच रूप घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि दोन्ही काठांवरून गोटमार चालते. माणसे जायबंदी होतात, प्राणही गेलेले आहेत. दगडांच्या त्या वर्षावात झाडापर्यंत धावून जाणाऱ्या पोराला भित्रा कोण म्हणेल? तरीही अशांपैकी काही जण एकट्याने चढाईला निघाले की मध्यरेषेवरच घुटमळतात. समुदायात अंगी येणारे धैर्य अर्धे समुदायाचेच असते. पाठीशी हजार कंठ असले की भीतीची वाटणी होऊन जाते. चढाईत तशी सोय नाही. मध्यरेषा ओलांडली की आपली माणसे मागे राहतात, त्यांचा आवाजही मागे राहतो, आणि समोर जे सात जण आहेत त्यांच्यापैकी एकालाही आपले भले व्हावे असे वाटत नसते. उलट, गोटमारीच्या दिवशी आईने घरात कोंडून ठेवलेला एखादा अबोल मुलगा त्या सातांच्या मधोमध अर्धा मिनिट निर्विकारपणे वावरतो, आणि जाताना ज्या चालीने गेला त्याच चालीने परत येतो.

या सगळ्या खुणा मी टिपतो, पण निकाल त्यांवर ठेवीत नाही. माझा निकाल ठरतो तो दुसऱ्या चढाईवर, आणि दुसरी चढाई म्हणजे जी पकडले गेल्यानंतर होते ती. कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर जाऊन बसतो. आपल्या संघाने गडी मारला की बाद झालेल्या क्रमाने एकेक जण आत येतो. या सक्तीच्या बसण्यात मुलगा काय करतो, याकडे चाचणी घेणारे क्वचितच लक्ष देतात, कारण त्यांचे डोळे खेळावर असतात. कोणी खरचटलेले कोपर फुंकीत पंचांच्या नावाने पुटपुटतो, कोणी मान खाली घालून जमीन न्याहाळतो, कोणी पाण्याची बाटली उघडून प्रेक्षकांत आपले कोण आले आहे ते शोधतो. क्वचित एखादा ज्याने आपल्याला धरले त्याच्यावरून नजर काढीत नाही.

सौंसरकडच्या एका खेड्यातून आलेला असाच एक किडकिडीत मुलगा पहिल्याच चढाईत डाव्या कोपऱ्याला पंजा लावायला गेला आणि घोट्यात सापडला. तो बाहेर बसला, आणि बसल्या जागेवरून त्या कोपऱ्यातल्या मुलाकडे एकसारखा पाहत राहिला. पुन्हा आत आल्यावर तो गेला तो त्याच कोपऱ्यावर, आणि पुढे केला तोही तोच पाय. समोरच्याचे अंग झुकले, याचा पाय वीतभर मागे आला, आणि पुढे झेपावलेल्या त्या मुलाच्या पाठीला नुसता हात लावून हा परत फिरला. खेळ थांबल्यावर मी विचारले, “पाय का नाही टाकलास रे?” तो म्हणाला, “सर, तो आधीच झुकते. म्हून पाय फक्त दाखवला.”

एवढ्याने मी संतुष्ट झालो असतो तर ते उतावीळपणाचे झाले असते. एक युक्ती नशिबानेही साधते. तेव्हा मी कोपऱ्यातल्या मुलाला बाजूला घेऊन हळूच सांगितले, की आता पाय दिसला तरी हलायचे नाही, उभे राहायचे. तिसऱ्या वेळी आमच्या उमेदवाराने पाय दाखवला. समोरचे अंग झुकले नाही. त्याने पुन्हा एकदा दाखवला, निदानरेषा ओलांडली, दुसऱ्या कोपऱ्याकडे नजर टाकली, घड्याळ सरत आले तसा मागे झाला आणि गुण न घेता परत आला. प्रेक्षकांना ती चढाई रिकामी वाटली. मला मात्र ती आधीच्या गुणापेक्षा मोलाची वाटली, कारण समोरच्याने धडा बदलला आहे हे त्या पोराला तीस सेकंदांच्या आत वाचता आले होते, आणि वाचल्यावर हट्ट सोडताही आला होता.

दुसऱ्या चढाईची ही कसोटी कबड्डीपुरतीच नाही. ऑस्ट्रेलियात तिथल्या लोकांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे: लंबगोल चेंडूचा, लंबवर्तुळाकार मैदानावरचा, एका बाजूस अठरा गड्यांचा. तिथे १९८६ पासून तरुण खेळाडूंची ‘ड्राफ्ट’ नावाची वाटणी होते, तीत गेल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला पहिल्या निवडीचा मान मिळतो, आणि निवडीपूर्वी अठराच्या आसपासच्या मुलांची वीस मीटरांची धाव, उंच उडी आणि दमसास हे सर्व काटेकोर मोजून मांडले जाते. त्याच खेळात जिम स्टाइन्स नावाचा डब्लिनचा एक तरुण होता, जो लहानपणापासून आयर्लंडचा गेलिक फुटबॉल खेळलेला, आणि १९८४ मध्ये मेलबर्नला जाऊन हा खेळ मुळापासून शिकला. १९८७ च्या हंगामात, अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरच्या सामन्यात, अगदी अखेरच्या क्षणी त्याने नको तिथून धाव घेतली; दंड म्हणून प्रतिपक्षाचा खेळाडू पंधरा मीटर पुढे आला, त्याने गोल केला, आणि मेलबर्नचा संघ दोन गुणांनी हरला. तो स्टाइन्सचा पहिलाच हंगाम होता. पुढे १९९१ मध्ये त्या खेळातले सर्वश्रेष्ठ समजले जाणारे ब्राउनलो पदक त्याला मिळाले, आणि लागोपाठ २४४ सामने खेळण्याचा विक्रमही त्याच्या नावावर जमा झाला. वीस मीटरांची धाव मोजणाऱ्या घड्याळात त्या दोन गुणांच्या पराभवानंतर माणूस काय करील याचा काटा नसतो. आणि पारख करणाऱ्याला हवा असतो तो नेमका तोच काटा.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून आमच्या चाचण्यांना बापमंडळींची हजेरी वाढली आहे, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पहिल्या लिलावात राकेश कुमारवर लागलेली बोली १२ लाख ८० हजारांची होती आणि तीच त्या वर्षी सर्वांत मोठी ठरली. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी ती २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. ज्याच्या बागेतली संत्री भाव पडला म्हणून झाडावरच राहतात, त्या माणसाने हा आकडा मोबाईलवर पाहून माझ्यापाशी यावे आणि “सर, आमच्या पोराले तिथं पोहोचाले किती वर्सं लागतीन?” असे विचारावे, यात लोभापेक्षा हिशेबच अधिक असतो. मी त्यांना वर्षांचा आकडा सांगत नाही. मी सांगतो की बारावी सोडवू नका, गुडघा दुखतो म्हणाला तर खेळ थांबवा, आणि लिलावापर्यंत पोहोचणारे विरळा असले तरी पोलीस आणि रेल्वेच्या खेळाडूंसाठी राखलेल्या जागा खऱ्या असतात. हे ऐकून काहींचे चेहरे उतरतात, काहींचे सैलावतात. आणि सैलावलेल्या चेहऱ्याच्या बापाचे पोर पुढच्या चढाईत हमखास मोकळे खेळते.

चाचणीच्या तक्त्यावर शेऱ्यासाठी जागा जेमतेम दोन बोटे असते, आणि तीत ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढेच लिहावे अशी अपेक्षा असते. मी ते बिनतक्रार लिहितो. पण त्याखेरीज माझी स्वतःची एक वही आहे, आणि तीत प्रत्येक मुलासमोर, विशेषतः ज्याला घेतले नाही त्याच्यासमोर, एकच ओळ असते: डाव्या पायावर वळत नाही, पकड बसली की सुटकेचा प्रयत्न सोडतो, बोनसच्या मोहात मागचा कोपरा विसरतो. ती ओळ मी त्याच दिवशी, बापाच्या देखत नव्हे, मुलाला एकट्याला सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुन्हा येत नाहीत. शिक्षण, शेती, नागपूरकडची नोकरी, ज्याची त्याची वाट असते. जो पुढल्या पावसाळ्यात पुन्हा येतो, त्याचे वजन होत असताना मी वही उघडतो आणि पहिल्याने तीच एक गोष्ट पाहतो. तिच्यात फरक पडला असेल तर त्याच्या दोन चढायांमध्ये वर्षाचे अंतर पडले, एवढेच म्हणायचे. आणि कोणी पाहत नसताना जो मुलगा वर्षभर एका ओळीवर मेहनत करतो, त्याचे नाव बारांत लिहिताना मला दुसऱ्या कोणाची शिफारस लागत नाही.