सर्पाचे स्नान

वारंगा फाट्याची ओळख बाहेरच्या माणसास बहुधा रस्त्यांवरूनच होते. हिंगोलीकडून येणारा रस्ता आणि यवतमाळ-हदगावाकडून येणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात व पुढे नांदेडाची वाट धरतात. रात्रंदिवस मालमोटारींची ये-जा, चहाच्या दुकानांतील गलबला आणि उतरणाऱ्या-चढणाऱ्या पाहुण्यांची गर्दी. या फाट्यावर कोण, कोठून व काय घेऊन उतरेल याचा नेम नाही, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. गेल्या वैशाखात ही थट्टा आमच्याच अंगावर आली. थोरल्या चिरंजीवांची कन्या, जी पुण्यास महाविद्यालयात शिकते, ती सुटीसाठी मोटारीतून उतरली आणि तिच्या हातात झाकणास भोके पाडलेली एक पेटी होती. पेटीत गाठ मारलेली सुती पिशवी व पिशवीत दीड हात लांबीचा जिवंत साप!

घरात एकच हलकल्लोळ झाला. आमच्या वहिनी देवघरात शिरल्या व मोठ्याने आस्तिक ऋषींचे नाव घेऊ लागल्या. धाकट्या सुनेने मुलांना माडीवर नेले. आमच्या पत्नीने नातीस जवळ घेऊन एवढेच विचारले, "अगं, तुला कुत्रेमांजर काही मिळाले नाही का?"

नातीने शांतपणे खुलासा केला. हा साप आपल्याकडचा नव्हे. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील अजगराची ही एक लहान जात असून तिला बॉल पायथन म्हणतात. कारण भय वाटले की तो अंगाची गुंडाळी करून डोके मध्ये लपवितो व चेंडूसारखा होऊन बसतो. तो विषारी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे नाग, धामण, मांडूळ इत्यादी आपल्या देशातले साप घरी बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे करावी लागते. ती नोंद तिने केली होती व तिचा कागदही बरोबर आणला होता. सोबत राहणाऱ्या मुली आपापल्या गावी गेल्या. प्राण्याची व्यवस्था पाहणारे मागे कोणी उरले नाही, म्हणून त्यास येथे आणणे भाग पडले.

सापाचे नाव तिने 'वासुकी' ठेविले होते. ज्या वासुकीची दोरी करून देवदैत्यांनी समुद्र घुसळला त्याचे नाव या दीड हाताच्या प्राण्यास द्यावे, हे आम्हांस रुचले नाही व आम्ही तसे बोलूनही दाखविले. ती म्हणाली, "आबा, तो अजून लहान आहे. वाढेल."

आमचे घर जुने, दगडी भिंतींचे. माजघरात पाण्याच्या रांजणाशेजारी सर्वांत गारवा असतो, म्हणून पेटी तेथे ठेवण्यात आली. बाहेर उन्हाचा पारा बेचाळिसावर होता. साप हा थंड रक्ताचा प्राणी. त्यास स्वतःच्या शरीरात ऊब उत्पन्न करता येत नाही व ताप झाला तर घाम गाळून तो घालविताही येत नाही. भोवती जी हवा तीच त्याची स्थिती. म्हणून पाळणारे लोक पेटीची एक बाजू उबदार, सुमारे एकतीस-बत्तीस अंशांची, व दुसरी पंचवीस-सव्वीस अंशांची ठेवितात आणि कोठे बसावे हे सापावर सोपवितात. आमच्याकडे उबेची काळजी नव्हती, प्रश्न गारव्याचा होता. परंतु त्याहून मोठी अडचण निघाली ती कोरडेपणाची. या जातीस हवेत शेकडा पंचावन्न-साठ ओलावा लागतो. नातीच्या लहानशा यंत्रात आमच्या माजघराचा ओलावा पंचवीसाच्या आत दिसत होता.

चौथ्या दिवशी सापाचे डोळे निळसर-दुधी झाले. आम्ही चष्मा पुसून पाहिले व म्हणालो, "यास मोतीबिंदू झाला!" नात हसली. सापास पापण्या नसतात. डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकतेवेळी तोही कातीबरोबर निघतो. नवी त्वचा खाली तयार होत असताना दोहोंमध्ये एक द्रव साठतो, म्हणून डोळा धूसर दिसतो. त्या दिवसांत सापास नीट दिसत नाही, तो बिचकतो, त्यास हात लावू नये, खाणेही देऊ नये. पुढे डोळे निवळतात व काही दिवसांनी सबंध कात, उलट्या काढलेल्या पायमोज्यासारखी, एका तुकड्यात निघते. परंतु हवा कोरडी असेल तर ती फाटून तुकड्यातुकड्यांनी निघते व जागोजाग चिकटून राहते. शेपटीच्या टोकावर तिचे कडे राहिल्यास रक्त अडून ते टोक मरूही शकते.

वासुकीचे नेमके असेच झाले. बरीचशी कात फाटून निघाली. शेपटीच्या टोकावर एक कडे व डाव्या डोळ्यावरचा खवला तेवढा राहिला. तेव्हा नातीने त्यास पाण्यात बसविण्याचे ठरविले. तिची पद्धत आम्ही मुद्दाम सांगतो. कारण पुढे आमच्या हातून जे घडले ते त्या पद्धतीवाचून कळावयाचे नाही.

तिने केवळ याच कामासाठी एक झाकणाचे प्लास्टिकचे घमेले वेगळे ठेविले होते. सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात; त्याची भांडी स्वयंपाकात मिसळू नयेत आणि त्यास शिवल्यावर साबणाने हात धुवावेत, असे तिने सांगताच वहिनींनी देवघरातूनच पसंती दर्शविली. सोवळ्याचे एवढे कडक नियम पाळणारी मुलगी त्यांना प्रथमच आढळली होती! पाणी तिने उष्णतामापक घालून अठ्ठावीस ते तीस अंशांवर आणले. ते इतकेच घातले की सापाचे अर्धे अंग बुडावे, त्यास पोहावे लागू नये व डोके सहज वर राहावे. साबण नाही, तेल नाही, औषध नाही. झाकणास भोके होतीच. पंधरा-वीस मिनिटे ती पाटावर घमेल्याशेजारी बसून होती. क्षणभरही उठली नाही. नंतर तिने एक खरखरीत ओला पंचा हातात सैल धरून सापास त्याच्या घडीतून आपल्या गतीने जाऊ दिले. डोळ्यास तिने बोटही लावले नाही. तो खवला नखाने वा चिमट्याने ओढल्यास खालचा डोळा जातो. तो पुढील कातीबरोबर निघण्याची वाट पाहावी, हेच बरे. कडे पुष्कळ सैल झाले, पण निघाले नाही. ती म्हणाली, "उद्या पुन्हा पाहू. रोज उठून स्नान घालणेही चांगले नव्हे, तो दमतो. खरा उपाय पेटीत ओलावा राखणे हाच."

याच सुमारास माजघरात मुंग्यांची रांग लागली. शोध करता पेटीमागे दुधाची वाटी सापडली. घरी आलेल्या नागास उपाशी कसे ठेवावे, म्हणून वहिनी भीत भीत रोज रात्री ती तेथे सरकवून जात. सापाने दुधास स्पर्शही केला नव्हता. मुंग्या मात्र पेटीच्या भोकांपर्यंत पोचल्या होत्या. आम्ही त्या प्रसंगी वहिनींना लहानसे व्याख्यानच दिले. साप हा सस्तन प्राणी नव्हे, दूध त्याचे अन्न नव्हे व ते त्यास पचत नाही. नागपंचमीस गारुड्याचा नाग दूध पितो तो तहानेने व्याकुळ झालेला असतो म्हणून. हे ज्ञान आम्हांस आदल्याच दिवशी नातीकडून प्राप्त झाले होते, आणि त्यापूर्वी अनेक वर्षे आम्ही वर्गात नागपंचमीवरील निबंध सांगताना 'नागास दूध प्रिय आहे' असे वाक्य मुलांकडून लिहवून घेतले होते, हे मात्र आम्ही वहिनींना सांगितले नाही. त्या मुकाट्याने वाटी उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी नात मैत्रिणीच्या लग्नास नांदेडास गेली. दुपारपर्यंत परतते, तोवर पेटी उघडू नये, असे बजावून गेली. आम्ही विचार केला, पोर दमून येईल. एवढीशी शुश्रूषा आपल्या हातून का होऊ नये? पद्धत तर डोळ्यांदेखत पाहिली होती. स्नानासाठी पाणी तापलेलेच होते. उष्णतामापक कोठे ठेविला आहे हे पाहण्याची गरज आम्हांस भासली नाही. हात घालून पाहिला, पाणी सुखद वाटले. अर्धे अंग बुडेल एवढ्या पाण्याने काय होणार, म्हणून वीतभर भरले. सापास काळजीपूर्वक आत सोडले, झाकण लावले, ते उघडू नये म्हणून वर वरवंटा ठेविला, आणि घमेले न्हाणीघरात ठेवून आम्ही संध्येस बसलो.

आचमन होते न होते तोच न्हाणीघरातून आदळआपट ऐकू आली. वाचकहो, सांगण्यास लाज वाटते, पण आमच्या मनात आले ते असे की, वासुकी महाराज आनंदाने डुंबत आहेत!

वहिनी त्या वेळी रांजणाचे पाणी घेण्यास माजघरात आल्या होत्या. ज्या पेटीच्या दहा हात दूरून जात, त्या बाई आवाज ऐकून थेट न्हाणीघरात शिरल्या. त्यांनी वरवंटा बाजूस सारला, झाकण काढले आणि सवयीने पाण्यात कोपर घातले. घरातली दोन पिढ्यांची बाळे त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातली आहेत. बाळाचे पाणी कोपराने पाहावयाचे, तळहाताने नव्हे, हे त्यांच्या अंगी मुरलेले. दुसऱ्याच क्षणी त्यांनी घमेले पायाने कलते केले. पाणी मोरीत गेले व साप फरशीवर पडला. तेव्हा कोठे त्यांना भयाची आठवण झाली आणि दाराआडून त्या ओरडल्या, "अहो भावोजी, उठा! हे पाणी तान्ह्या बाळासही सोसायचे नाही, मग त्या मुक्या जिवास कसे सोसेल?"

साप तोंड किंचित उघडून निपचित पडला होता. महाभारतात नलराजाने कर्कोटक नागास वणव्यातून उचलून बाहेर काढले अशी कथा आहे. ती आम्ही किती रसभरित सांगत असू! येथे वणवा लावणारेही आम्हीच होतो.

नातीस दूरध्वनी केला. तिने आम्हांस एक शब्दही लागेल असा बोलून दाखविला नाही. "घाबरू नका. त्यावर थंडगार पाणी मुळीच ओतू नका. साध्या पाण्यात पिळलेले सुती फडके पसरा, त्यावर ठेवा, सावलीत असू द्या, वरचेवर हाताळू नका. मी निघतेच." आम्ही तसे केले व शेजारी बसून राहिलो. वहिनी उंबऱ्याच्या पलीकडे बसल्या. दोघांपैकी कोणी बोलले नाही. दोन घटका गेल्या असतील, वासुकीची दुहेरी जीभ एकदा बाहेर आली व आत गेली. उंबऱ्यापलीकडून वहिनी पुटपुटल्या, "आहे हो, आहे."

नात आली, सापास उलटसुलट पाहून तिने एवढेच विचारले, "आबा, पाण्यात हात घालून पाहिला होता ना?"

"पाहिला होता. पाणी मला फार बरे वाटले," आम्ही म्हणालो, आणि ते शब्द तोंडातून निघतानाच आमची चूक आम्हांस दिसली. आमच्या स्नानाचे पाणी चाळीस अंशांच्या आसपास असते. मनुष्यास ते सुखाचे, सापास ते जीवघेणे. अठ्ठावीस-तीस अंशांचे पाणी आपल्या हातास किंचित गारच लागते; ते आम्हांस सुखद वाटलेच नसते. वहिनींनी त्यास दूध दिले, कारण दूध त्यांना पवित्र. आम्ही त्यास ऊन पाणी दिले, कारण ऊन पाणी आम्हांस प्रिय. दोघांच्याही भक्तीत काही उणे नव्हते. त्या जिवाला काय हवे, हा प्रश्न मात्र दोघांनीही विचारला नव्हता. फरक एवढाच की, वहिनींच्या चुकीने मुंग्या आल्या व आमच्या चुकीने प्राण जाण्याची वेळ आली. आणि तो वाचविला व्याख्यान देणाऱ्याने नव्हे, ऐकून घेणारीने.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. नातीने एका डब्यास भोक पाडून त्यात ओलसर शेवाळ भरले व तो पेटीत ठेविला. वासुकी त्यात आपण होऊन जाऊन बसे. दोन दिवसांत शेपटीचे कडे ओल्या पंच्यात आपोआप सुटले. सापाच्या अंगास सतत ओल राहिली तरी फोड येतात, म्हणून बाकीची पेटी कोरडीच ठेवीत. पुण्यास जाताच सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांनी त्यास तपासले. डोळ्यावरचा खवला पुढच्या कातीबरोबर निघाला; डोळा शाबूत आहे, असे पत्र आले तेव्हा आम्ही औंढ्यास जाऊन नागनाथाचे दर्शन घेतले.

हे वाचून कोणी आपल्या शेतातला साप धरून त्याची सेवा करू लागेल, तर तो आमच्याहून मोठी चूक करील. आपल्याकडचा साप घरात निघाला वा विहिरीच्या जाळीत अडकलेला दिसला, तर दूर राहून त्यावर नजर ठेवावी व वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्याची शुश्रूषा म्हणजे त्यास जाऊ देणे, हीच होय.

श्रावणात नागपंचमी आली. वहिनींनी रीतीप्रमाणे भिंतीवर गंधाचा नाग काढला, त्यास दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविला आणि ते दूध मुलांना वाटून दिले. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास पूर्वी जिवंत नागांची मोठी पूजा होई. कायदा व उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे तीही बदलली, हे आम्ही त्यांना वाचून दाखविले होते. तिसऱ्या प्रहरी फाट्याकडून टोपली घेऊन एक गारुडी दाराशी आला व नागोबास दूध मागू लागला. असे लोक आता क्वचितच दिसतात. आम्ही कायद्याचे कलम सांगण्याच्या तयारीने उठलो. पण वहिनी आधीच ओसरीवर गेल्या होत्या.

"दूध राहू दे," त्या म्हणाल्या, "याला पाणी शेवटचे कधी दिलेस ते सांग."

त्यास उत्तर देता आले नाही. तो टोपलीकडे पाहत राहिला, आणि आम्ही आमचे कलम मनातच ठेवून वनखात्याचा क्रमांक फिरविण्यास आत गेलो.