धरणात पाणी किती?

पुण्या-सोलापूरकडच्या माणसाला पावसाळ्यात वर्तमानपत्र कुठून वाचायला लागायचं हे शिकवावं लागत नाही. आधी धरणांच्या साठ्याची चौकट. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून किती टीएमसी झालं, गेल्या वर्षी याच दिवशी किती होतं, नदीत किती क्युसेकने पाणी सोडलं, आणि मग बाकीच्या बातम्या. चारही धरणं भरली की साधारण २९ टीएमसी होतात, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सिंगापूरला आल्यावर ही सवय हळूहळू सुटते. मॅकरिचीला चालायला जा, बेडोकला कयाक वल्हवा नाहीतर मरीनाला ड्रॅगन बोटींची शर्यत बघा, तलाव आपला कायम भरलेलाच!

आई इथे राहायला आली होती तेव्हा मॅकरिचीच्या काठाने चालताना तिने मला विचारलं, "अरे, इथलं पाणी कधी खाली जात नाही का?" तिच्या तोंडी हा प्रश्न येणं साहजिक होतं. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं पळसदेव. भीमेवर उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. गाव वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला, नव्याने वसलं. पळसनाथाचं जुनं देऊळ मात्र खालीच राहिलं. पाणी बरंच उतरलं की आधी शिखर दिसतं, आणखी उतरलं की देऊळ उघडं पडतं. देऊळ दिसलं की माहेरचे लोक दर्शनाला जातात, जुन्या घरांच्या जागा शोधतात. पण देऊळ दिसतं ते दुष्काळाच्या वर्षी. त्यामुळे मामाचा फोन आला की आईला आनंद मानावा की काळजी करावी हेच कळत नाही. "देऊळ दिसतंय म्हणे," एवढंच ती सांगते आणि गप्प होते.

माझ्या मुलीला या फोनमधली एक गोष्ट कळेना. "उजनी उणे तीस टक्के म्हणजे काय? पाणी शून्यापेक्षा कमी कसं असेल?" तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक 'मृत साठा' धरलेलं आहे. नेहमीच्या वापरासाठी गृहीत धरलेलं पाणी त्याच्या वरचं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. टक्केवारी या वरच्या, उपयुक्त साठ्याची काढतात. तो संपून मृत साठ्याला हात लागला की आकडा उणे होतो. दुसरी गंमत दरीच्या आकाराची. धरणाचा तलाव नरसाळ्यासारखा असतो, वर पसरट आणि खाली अरुंद. वरचं एक मीटर पाणी उतरलं तर खूप साठा जातो, तळाशी तेवढंच उतरलं तर त्या मानाने थोडा. म्हणून काठावरून नुसती पातळी पाहून साठ्याचा अंदाज करता येत नाही.

हे गणित घेऊन मी इथल्या तलावांकडे पाहू लागलो आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू सापडलं. मरीनाचंच बघा. ३५० मीटर लांबीचं मरीना बॅरेज २००८ साली सुरू झालं. त्याआधी तिथे समुद्राचं पाणी आत-बाहेर करत असे. आता बेटाच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर, दहा हजार हेक्टरांवर, पडणारा पाऊस तिथे गोळा होतो आणि पातळी वर्षभर जवळपास एकच ठेवली जाते. मोठा पाऊस झाला आणि समुद्राला ओहोटी असली, तर नऊ दरवाजे खाली करून जास्तीचं पाणी सोडून देतात. भरती असली तर दरवाजे उघडून उपयोग नाही, उलट समुद्रच आत येईल. अशा वेळी सात पंप पाणी उपसून समुद्रात टाकतात. सातही पंपांची मिळून ताकद सेकंदाला २८० घनमीटर. आपल्या हिशेबात जवळजवळ दहा हजार क्युसेक! खडकवासल्यातून एवढं पाणी सोडलं तर पुण्यात मुठेच्या काठी बघ्यांची गर्दी होते. इथे ते रात्रीत होऊन जातं आणि सकाळी कयाकवाल्यांना त्याचा पत्ताही नसतो.

दरवाज्यांनी पातळी सांभाळण्याची युक्ती आपल्याला नवी नाही म्हणा. विश्वेश्वरय्यांनी स्वतः रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्यालाच बसले होते. भिंत न वाढवता साठा वाढवणारे ते दरवाजे पाणी ठरावीक उंचीवर गेलं की आपोआप उघडत.

पूर आवरता येतो, पण दुष्काळाचं काय? २०१४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिंगापूरला सलग २७ दिवस कोरडे गेले. बागांतली हिरवळ पिवळी पडली, तरी तलाव ओके-बोके दिसले नाहीत. कारण पीयूबी, म्हणजे इथली जलसंस्था, समुद्राचं पाणी गोडं करणारे आणि नीवॉटरचे कारखाने जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालवत होती आणि नीवॉटर तलावांतही सोडत होती. २०२० पासून तर मरीना ईस्टचा कारखाना पाऊस असला की तलावाचं पाणी घेतो आणि नसला की समुद्राचं.

मग इथलं 'उणे' कुठे दिसतं? ते दिसतं सीमेपलीकडे, जोहोरच्या जंगलातल्या लिंगिऊ जलाशयात. १९६२ च्या करारानुसार सिंगापूरला जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलता येतं. हा करार २०६१ पर्यंत आहे. पण नदीचा प्रवाह मंदावला की समुद्राचं खारं पाणी नदीत वर चढतं आणि उपसा थांबवावा लागतो. ते खारं पाणी मागे रेटण्यासाठी वरून गोडं पाणी सोडायला लिंगिऊ बांधलेलं आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लिंगिऊचा साठा २० टक्क्यांवर आला होता. पुढे पावसाने तो सावरला. पण त्या महिन्यातही मरीना आणि मॅकरिची नेहमीसारखेच दिसत होते, आणि आमच्या वसाहतीत कुणी नळ जरा कमी सोडल्याचं मला आठवत नाही.

आमच्या आयटीच्या कामात हा अनुभव रोजचा आहे. यंत्रणा नीट चालली की ती आहे हेच लोक विसरतात. ज्या पिढीने इथे १९६३-६४ चं दहा महिन्यांचं पाण्याचं रेशनिंग पाहिलं, ती विसरली नाही. आपल्या आयांनीही हंडे भरून ठेवले आहेत, त्याही विसरलेल्या नाहीत. आपल्या मुलांना मात्र पाणी उतरताना कधी दिसलेलंच नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते त्यांना आकड्यांतून, नकाशातून आणि आजीच्या गोष्टींतून दाखवणं आपल्याकडेच आलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी मरीना बॅरेजच्या हिरवळीवर पतंग उडवायला जाल, तेव्हा पोरांना पाच मिनिटं खाली पुलावर घेऊन जा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला तलाव. कोणतं पाणी वर आहे आणि कितीने, हे त्यांनाच ओळखू द्या. एकदा भरतीला जा, एकदा ओहोटीला. आणि घरी आल्यावर नकाशावर लिंगिऊ शोधायला सांगा. सहज सापडणार नाही, पण शोधू द्या.