रक्तद्रवातला विषाणू

नाक चोंदतं, रक्त येतं, टाळूला भोक पडतं. सायनस समजून औषधं चालू राहतात. एक्स्ट्रानोडल एनके/टी-सेल लिम्फोमा. जुनी पुस्तकं याला 'लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा' म्हणत. हा कॅन्सर आहे हे फार उशिरा कळलं. एकंदरीत दुर्मिळ, पण चीन, कोरिया, जपान आणि तिकडे पेरू, मेक्सिकोत त्या मानानं जास्त.

*

एलडीएच. लिम्फोमाच्या जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये हा आकडा असतो. पेशी फुटली की हे एन्झाइम रक्तात उतरतं. कुठली पेशी फुटली, ते मात्र त्यावरून कळत नाही. रक्त काढताना किंवा नेताना नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. एकट्या एलडीएचवरून कुणाचं आयुष्य मापू नये.

*

एपस्टाइन-बार विषाणू. १९६४ साली एपस्टाइन, अचोंग आणि बार यांना युगांडातून लंडनला आलेल्या गाठीच्या पेशींत दिसला. जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांत तो मुक्कामाला असतोच. मग त्याला मोजून काय मिळणार? निरोगी माणसात तो बी पेशींच्या आत निपचित असतो. या लिम्फोमात तो गाठीच्याच पेशींत असतो, आणि त्या मरू लागल्या की त्याच्या डीएनएचे तुकडे रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, येतात. म्हणून पेशी बाजूला काढून प्लाझ्मा तपासणं बरं. एलडीएच शरीराची ओढाताण सांगतं. हे तुकडे थेट गाठीकडून आलेले असतात. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

*

या लिम्फोमाचं पुढं काय होईल याचा अंदाज बांधणारा २०१६चा 'पिंक' निर्देशांक: ११ देशांतले ५२७ रुग्ण. साठीच्या पुढचं वय, तिसरी-चौथी अवस्था, दूरच्या लसिकाग्रंथींत पसरलेला आजार, नाकाबाहेर सुरू झालेला आजार. यात विषाणूचा डीएनए मिळवला की 'पिंक-ई'. वाचताना एक विसरू नये: उत्तर गटाचं असतं. "डॉक्टर, आमच्या बाबांचं काय?" याला त्या तक्त्यात उत्तर नाही, आणि तसं स्पष्ट सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे.

*

विषाणूच्या डीएनएचा एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळत नसे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रमाणित नमुना ठरवला. तरी प्लाझ्मा की सगळं रक्त, हे रिपोर्टवर आधी बघावं.

*

या गाठीच्या पेशी डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन बाहेर फेकतात. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंपच असतो त्यांच्यात. अ‍ॅस्पॅराजिनेज त्या पंपाच्या तावडीत सापडत नाही. ते रक्तातलं अ‍ॅस्पॅराजिन संपवतं आणि पेशींची उपासमार होते. आपल्याकडे ल्युकेमियाच्या मुलांना देतात तेच हे औषध. ते आल्यावर जुने तक्ते मागे पडले: रोग तोच, आकडे वेगळे. पिंकची गरज पडली ती त्यामुळेच.

*

उपचार संपल्यावर प्लाझ्मा पुन्हा तपासतात. विषाणूचा डीएनए अजून सापडत असेल तर आजार उलटण्याची भीती जास्त, मग स्कॅन आणि तपासण्या लवकर ठरतात. पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा मला हा दुसरा आकडा जास्त कामाचा वाटतो.