आधी पांढरे, मग रंगीत

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माणूस नक्की काय शिकतो, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. थर्मोडायनॅमिक्स, असाइनमेंट उतरवणं आणि कपडे धुणं. यातलं पहिलं पेपर संपला की विसरतं, दुसरं कॉलेज संपलं की संपतं, तिसरं मात्र जन्मभर पुरतं. पण या तिसऱ्या विषयाला ना सिलॅबस, ना सीनियर्सच्या नोट्स. त्यामुळे रविवारी सकाळी हॉस्टेलच्या नळाला पाणी आलं की एक वाद ठरलेला असतो. पांढरे आणि रंगीत कपडे वेगळे भिजवायचे, की सगळे एकाच बादलीत?

आमच्या मजल्यावर यावरून सरळ दोन पक्ष आहेत. 'एक बादली पक्षा'चं म्हणणं असं, की पाणी दोनच तास येतं, बादली एकच आहे, पावडर महाग आहे आणि कपड्यांत कसला आलाय रंगभेद? 'दोन बादली पक्ष' फार बोलत नाही. तो फक्त कॉरिडॉरमधल्या दोरीकडे बोट दाखवतो. तिथे एका मेकॅनिकलवाल्याचे तीन बनियन वाळत असतात. नव्या लाल टी-शर्टबरोबर ते रात्रभर भिजले आणि सकाळी अंगणातल्या बोगनवेलीसारखे फुलून निघाले. तेव्हापासून त्याला सगळे 'गुलाबराव' म्हणतात.

मी पडलो केमिकलचा, म्हणून हा खटला माझ्याकडे आला. माझा रूम पार्टनर इचलकरंजीचा, त्याचे काका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये कामाला. तेव्हा आम्ही दोघांनी बसून याचा जरा मुळातूनच विचार करायचं ठरवलं.

आता रंग जातो म्हणजे काय होतं ते बघू. आजच्या रंगीत सुती कपड्यांत बहुतेक करून रिअॅक्टिव्ह रंग असतात. १९५६ साली ते बाजारात आले. हे रंग धाग्याला नुसते चिकटत नाहीत, सेल्युलोजशी कोव्हॅलंट बंध करतात. मग ते सुटायला नकोत ना? बंध झालेले सुटत नाहीतच सहजी. भानगड वेगळीच आहे. रंगवताना थोडा रंग धाग्याऐवजी पाण्याशीच रिअॅक्शन करून बसतो. त्याची बंध करायची ताकद संपते आणि तो धाग्यावर नुसता रेंगाळत राहतो, लेक्चर बुडवून कँटीनमध्ये बसलेल्या पोरासारखा. हा बिनकामाचा रंग गिरणीतच गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन काढायचा असतो. त्याला पाणी लागतं, वाफ लागते, म्हणजे पैसा लागतो. तिथे काटकसर झाली की उरलेली धुलाई आपल्या बादलीत होते. नवा कपडा पहिल्या दोन-चार धुण्यांत रंग सोडतो आणि पुढे शहाण्यासारखा वागतो, त्याचं कारण हे.

जीन्सची गोष्ट निराळी. तिचा निळा रंग म्हणजे नीळ, इंडिगो. हा रंग पाण्यात विरघळतच नाही. आधी त्याचं रासायनिक रूप बदलून तो विरघळवतात, सूत त्यात बुडवतात आणि हवेवर धरतात. हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा निळा होऊन सुताच्या वरच्या थरात अडकतो, आत गाभा पांढराच राहतो. म्हणून जीन्स घासली की रंग कणाकणाने निघतो, आणि गुडघ्यावर ती आधी पांढरी पडते. ती जन्मभर थोडा थोडा रंग देत राहणार. तिला उलटी करून वेगळी धुणं, एवढंच आपल्या हातात.

पॉलिएस्टरची जर्सी मात्र गुणी. तिचा रंग एकशे तीस अंशांच्या आसपास, दाबाखाली धाग्यात शिरवलेला असतो. आपल्या बादलीतल्या थंड पाण्याला ती दाद देत नाही.

इथेच पहिला निष्कर्ष निघतो. प्रश्न लाल, हिरवा की निळा हा नाहीच. प्रश्न असा, की कोण रंग देतं आणि कोण घेतं? नवा गडद सुती कपडा आणि जीन्स हे देणारे. पांढरा आणि फिका सुती कपडा हा घेणारा. दहा वेळा धुतलेला मरून शर्ट ना देत, ना त्याच्यावर काही दिसत.

देणारा कोण हे ओळखायची युक्ती पार्टनरने सांगितली. प्रयोगशाळेत कपड्याला सहा प्रकारच्या धाग्यांची पांढरी पट्टी शिवून धुतात आणि पट्टीवर किती डाग पडला याला एक ते पाच मार्क देतात. पाच म्हणजे डिस्टिंक्शन. आपल्याला पट्टी कुठून मिळणार? जुना पांढरा रुमाल ओला करायचा आणि कपड्याच्या आतल्या शिवणीवर दहा वेळा दाबून घासायचा. रुमाल रंगला तर कपडा वेगळ्या बादलीत. आम्ही एका संध्याकाळी अख्ख्या विंगचे कपडे असे तपासले. नापास झाले फार थोडे, बहुतेक नवे टी-शर्ट आणि सगळ्या जीन्स.

"मिठाच्या पाण्यात बुडव, रंग पक्का होतो," हा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. मिठाचा रंगाशी संबंध आहे हे खरं. रंगवताना रंग धाग्याकडे ढकलायला मीठ वापरतात. पण बंध मिठाने होत नाही, त्याला सोड्यासारखा अल्कली लागतो. कपडा तयार झाल्यावर घरी घातलेलं मीठ भाजीत घातलेलं बरं. तुरटीचंही तेच. ती मंजिष्ठासारख्या नैसर्गिक रंगांना धरून ठेवते, आजच्या टी-शर्टला तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा दोन नियम पाळावेत. देणारा कपडा फार वेळ भिजवू नये, आणि ओल्या कपड्यांचा गोळा बादलीत तसाच टाकून लेक्चरला जाऊ नये. गुलाबरावांचे बनियन धुताना नव्हे, भिजत पडल्यामुळे रंगले.

एवढं झाल्यावर 'एक बादली पक्ष' खूश झाला. "म्हणजे जुने कपडे सगळे एकत्र चालतील!" रंगापुरतं बोलायचं तर हो. पण पांढऱ्याचा शत्रू फक्त रंग नसतो, मळही असतो. वर्कशॉपच्या खाकी कपड्यातून निघालेला मळ पाण्यात तरंगत राहतो आणि जागा मिळेल तिथे बसतो. पावडरीत तो तरंगता ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. एका धुण्यात काही कळत नाही. सहा महिन्यांनी मात्र पांढरा शर्ट राखाडी दिसायला लागतो, आणि त्याचा दोष कुठल्याच एका रविवारवर टाकता येत नाही.

इथपर्यंतचं सगळं मी हिरिरीने घरी फोनवर सांगितलं. आमचं घर लातूरला. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे आम्हाला ठाऊकच आहे की. पांढऱ्याच्या पाण्यात काळं चालतंय, काळ्याच्या पाण्यात पांढरं चालत नाही. त्यात एवढं काय?"

त्यात एवढं काय, हे मला त्या रात्री झोपताना समजलं. आम्ही हॉस्टेलवाले 'वेगळे' म्हणजे दोन बादल्या समजत होतो. आईच्या लेखी वेगळे म्हणजे क्रम. बादली एकच, पाणी एकच. आधी पांढरे, मग फिके, मग गडद, मग जीन्स, शेवटी पायपुसणं आणि फरशीचं फडकं. त्यानंतर उरलेल्या पाण्याने मोरी घासायची. खळबळायचं पाणीही तसंच. पांढऱ्यांना शेवटचं चांगलं पाणी, आणि तेच पुढे रंगीतांना पहिलं.

केमिकलच्या मुलांना हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटेल. यालाच आपण काउंटर-करंट वॉशिंग म्हणतो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत रोज हेच चालतं. उसाचा चोथा एकामागून एक गिरण्यांतून जातो. ताजं पाणी शेवटच्या गिरणीपाशी, म्हणजे जवळजवळ रस संपलेल्या चोथ्यावर घालतात आणि तिथला पातळ रस मागच्या गिरणीकडे पाठवतात. सगळ्यात स्वच्छ वस्तूला सगळ्यात स्वच्छ पाणी, आणि पाण्याचा प्रवास जास्त मळलेल्याकडे. कमीत कमी पाण्यात जास्तीत जास्त धुलाई. मास ट्रान्सफरच्या पेपरात याला दहा मार्क आहेत. आईला कुणी एकही दिला नाही.

हा क्रम शौक म्हणून आलेला नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पेपरात तिचा फोटो आला होता. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि घागरी, पिंपं, तपेली, जे हाताला लागेल त्याची रांग लागायची. त्या दिवसांत धुणं आठवड्यातून एकदा, आणि धुण्याचं पाणी कुणी ओतून टाकलं तर घरात भांडण व्हायचं. पण माझा शाळेचा पांढरा शर्ट त्या उन्हाळ्यातही पांढराच होता. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. शर्ट पांढराच असतो, असं लहानपणी वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या दिवाळीत आमच्याकडे वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं. आईचं मनगट दुखतं, पिळायला जमत नाही. पप्पांचं मत फुली ऑटोमॅटिक. बटण दाबलं की काम संपलं! आई म्हणत होती सेमी. पप्पांना वाटलं ती पैसे वाचवतेय. मग निकालासाठी इंजिनिअर चिरंजीवांना बोलावलं गेलं.

मी मावशीच्या घरी गेलो. तिच्या फुली ऑटोमॅटिकचा पाइप बादलीत सोडला आणि मोजलं. एका फेरीला सात बादल्या. पांढरे, रंगीत आणि जीन्स वेगळे लावायचे म्हणजे तीन फेऱ्या, एकवीस बादल्या. मशीन प्रत्येक फेरीचं पाणी ओतून देतं, त्याला पुढच्या फेरीची कल्पनाच नसते. म्हणून मावशी हल्ली सगळं एकत्रच टाकते, आणि पांढरे हाताने धुते! सेमीमध्ये मात्र पाणी कधी सोडायचं हे आपल्या हातात. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग जीन्स फिरवता येतात. आईला पैसे वाचवायचे नव्हते, तिला तिचा क्रम वाचवायचा होता.

पण पप्पांचंही अगदीच चूक नव्हतं. सेमीत ओले जड कपडे उचलून ड्रायरमध्ये टाकावे लागतात, मध्ये खळबळावे लागतात. पाणी वाचतं, पण मनगट? एकीकडे लातूरचं पाणी, दुसरीकडे आईचा हात. हे गणित पुस्तकातल्यासारखं सुटत नाही, कारण त्याची दोन उत्तरं दोन वेगळ्या माणसांना सोयीची असतात.

शेवटी आम्ही प्रश्नच बदलला. कपडे वेगळे करायचे की नाही, याआधी ते वेगळे कोण करतं हे बघायला हवं होतं. आजवर चौघांचे कपडे एका ढिगात पडत आणि आई वाकून एकेक निवडत असे. खिसे तपासणं, बाह्या सरळ करणं, सगळं तीच. आता बाथरूमबाहेर तीन टोपल्या आहेत. पांढरे, रंगीत, आणि 'देणारे'. ज्याचा कपडा, त्याने तो काढतानाच योग्य टोपलीत टाकायचा, खिसे रिकामे करून. मशीन सेमी आलं. ओले कपडे उचलायचं काम पप्पांकडे आणि धाकट्याकडे. सुट्टीत माझ्याकडे. पप्पा सुरुवातीला कुरकुरले. आता तेच पाहुण्यांना कोणता टॉवेल कुठल्या टोपलीत ते सांगतात.

आमच्या विंगमध्येही आता दर रविवारी पाच जणांची मिळून एक साखळी चालते. आधी सगळ्यांचे पांढरे, मग सगळ्यांचे रंगीत, शेवटी जीन्स. पाच बादल्यांचं काम तीन बादल्यांत होतं आणि नळ जायच्या आत दोरी भरते. 'एक बादली' आणि 'दोन बादली' अशा दोन्ही पक्षांनी विजय घोषित केला आहे.

तेव्हा मित्रहो, सुट्टीत घरी जाताना बॅगेत महिन्याभराचे मळके कपडे कोंबणार असाल तर कोंबा. पण निदान तीन पिशव्यांत कोंबा. आणि घरी पोचल्यावर पिशव्या दारात ठेवू नका, थेट मशीनपाशी न्या. बादली भरून घ्या, बाह्या वर करा. आधी पांढरे.

— तृतीय वर्ष, केमिकल