घाटमाथ्यावरचं आइस्क्रीम

यवतेश्वरचा घाट मी पहिल्यांदा चढलो तो कॉलेजात असताना, भाड्याच्या सायकलवर. निम्मा पायडल मारत, निम्मा ढकलत. वर पोचून घाम पुसला, खाली पसरलेला सातारा पाहिला आणि पोटात गोळा आला. मित्र शीळ घालत उतारावर सुटले. मी सायकल हातात धरून चालत खाली आलो, दोन्ही ब्रेक दाबून. त्यावरून आजही चेष्टा होते.

म्हणून फेदेरिको बाहामोंतेसबद्दल वाचलं तेव्हा जिवाला जरा बरं वाटलं.

स्पेनमधल्या तोलेदोजवळ १९२८ साली जन्मलेला हा सायकलपटू. लोक त्याला 'तोलेदोचा गरुड' म्हणत. टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीत सगळ्यात चांगल्या घाटवीराचा मान त्यानं सहा वेळा मिळवला, १९५४ पासून १९६४ पर्यंत. इटली आणि स्पेनच्या मोठ्या शर्यतींतही तो मान घेतला. तिन्हीकडे घेणारा तो पहिला. (त्या मानाची ठिपक्याठिपक्यांची जर्सी निघाली १९७५ साली. तोवर तो केव्हाच निवृत्त झाला होता. सहा वेळा राजा, पण राजवस्त्र एकदाही नाही.)

आणि हा गरुड उताराला घाबरायचा. तरुणपणी एका उतारावर पडला तो थेट निवडुंगात. तेव्हापासून ती धास्ती गेली नाही असं सांगतात. घाट चढून सगळ्यांच्या पुढे जायचं आणि माथ्यावर मागच्यांची वाट बघायची, म्हणजे उतरताना सोबत मिळेल, असा त्याचा लौकिक झाला. १९५४ च्या पहिल्याच टूरमध्ये रोमेयेर घाटाच्या माथ्यावर तो चक्क आइस्क्रीम खात उभा राहिला. स्पोक तुटले होते, मेकॅनिकची गाडी मागे होती, मग करायचं काय, असा त्याचा खुलासा. लोकांना तो पटला नाही. भीतीची गोष्ट म्हणा नाहीतर गर्वाची, स्पोकच्या गोष्टीपेक्षा ती कुणालाही जास्त आवडणारच. मला मात्र स्पोकही खरे वाटतात आणि भीतीही. माणूस घाबरलेला असतो तेव्हाच सायकल नेमकी मोडते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

हे पाय त्यानं आणले कुठून? वडील रस्त्यावर खडी फोडायचे. यादवी युद्धानंतरची उपासमारीची वर्षं. त्या दिवसांत पोरानं जुनी सायकल घेतली ती शर्यतीसाठी नव्हे, माल वाहायला. काळ्या बाजारात विकायचा माल. ओझं बांधून चढ चढलेल्याला नुसती सायकल हलकीच लागणार.

बरीच वर्षं त्याला घाट पुरे होते. पूर्ण शर्यत जिंकावी असं त्याच्या डोक्यातच नव्हतं. ते डोक्यात घातलं इटलीचा सायकलपटू फाउस्तो कोप्पी यानं. तू टूर जिंकू शकतोस, असं त्यानं सांगितलं आणि १९५९ साली बाहामोंतेसनं ती जिंकली. टूर जिंकणारा तो पहिला स्पॅनिश.

त्या विजयातली गंमत मला फार आवडते. ज्वालामुखीच्या डोंगरावर, पुई द दोमवर, एकेकट्यानं घड्याळाशी झुंजायचं होतं. तिथं त्यानं सगळ्यांना धूळ चारली. पुढे ग्रनोब्लला आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर आली. पण आल्प्सचे उतार बाकी होते, आणि त्याच्या मागे होता फ्रान्सचाच आंरी आंग्लाद. फ्रेंच राष्ट्रीय संघातल्या आंकेतील आणि रिव्हिएर या दोन बड्यांना प्रादेशिक संघातला हा आंग्लाद जिंकलेला नको होता. त्यापेक्षा परका स्पॅनिश परवडला! पॅरिसच्या मैदानात प्रेक्षकांनी या दोघांची हुर्यो उडवली. बाहामोंतेस ४ मिनिटं १ सेकंदानं जिंकला. चढ त्याचे स्वतःचे होते. उतारांवर दुसऱ्यांच्या भाऊबंदकीनं हात दिला. याला कुणी कमीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. माथ्यावर सोबतीची वाट बघत थांबणाऱ्याला एकदा तरी सोबत मिळायला हवीच होती, मग ती कुणाच्या का भांडणातून मिळेना.

१९६३ साली तो दुसरा आला, १९६४ ला तिसरा, तेही छत्तिसाव्या वर्षी. १९६५ ची टूर त्यानं अर्ध्यातच सोडली आणि मग शर्यतीच सोडल्या. तोलेदोत सायकलींचं दुकान चालवलं, पोरांसाठी शर्यती भरवल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, पंच्याण्णव वर्षांचा होऊन. शहरानं दोन दिवस दुखवटा पाळला. मृत्युलेखांत आइस्क्रीम होतंच. त्याच्या मुद्द्याला, म्हणजे स्पोकना, कुणी धड न्याय दिला असं मला दिसलं नाही.

आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. खोपोलीपासून जीव खाऊन चढायचं, खंडाळा-लोणावळा गाठायचं. पुढे पुण्यापर्यंत देशावरची सपाटी. घाट चढायचा तेवढा, उतरायचा नाहीच. बाहामोंतेसला ही शर्यत कुणीतरी दाखवायला हवी होती.