हिंगण्याच्या माळावरून मुठेकाठी

मैत्रिणींनो, पुण्याला आलात की तुळशीबाग, सारसबाग आणि पर्वती व्हायचीच. या खेपेला जरा वाट वाकडी करून कर्वेनगरला या. याचे जुने नाव हिंगणे. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवा मुलींच्या आश्रमासाठी इथल्या माळावर झोपडी बांधली. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून ते पुण्याहून चिखल तुडवत पायी यायचे. त्या जागेला नमस्कार करा आणि मग राजाराम पुलावर चला.

पलीकडच्या तीरावर विठ्ठलवाडीचे देऊळ, खाली मुठा. उन्हाळ्यात आलात तर नाकाला पदर लावावा लागेल! वर खडकवासल्याला हेच पाणी पुणेकर पिण्यासाठी अडवतात. शहरातून जाताना त्यात सांडपाणी मिसळते, आणि ते सगळेच काही शुद्ध होऊन येत नाही.

त्याने एवढे काय बिघडते, म्हणाल? पाण्यातले खरकटे, मैला कुजू लागला की जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात. तग धरते ती चिलापीसारखी बाहेरून आलेली चिवट जात. सांडपाण्यातले नत्र आणि धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट म्हणजे जलपर्णीला आयते खत! तिचा गालिचा पसरला की खाली ऊन पोचत नाही आणि आडोशाला डास वाढतात. ते काही नदीवरच थांबत नाहीत, तिन्हीसांजेला घरात येतात.

मुठा पुढे संगमावर मुळेला मिळते, मग दोघी भीमेला. ते पाणी उजनी धरणात साठते. भिगवणला थंडीत रोहित पक्षी उतरतात ते तिथेच, आणि सोलापूरच्या घरांत पिण्याला जाते तेही तिथूनच. उजनीखाली हीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. पुण्याच्या मोरीतून निघालेले पाणी कुठवर जाते, पाहा!

तुमच्याही गावाला नदी असेलच. सांडपाणी शुद्ध करणे हे नगरपालिकेचे काम, ते बायकांनी मिळून मागायलाच हवे. पण मोरी आपल्या हातात आहे. तळणीचे उरलेले तेल तिच्यात ओतू नका. तेलकट कढई आधी कागदाने पुसा, मग घासा. खरकटे जाळीत अडवा. धुण्याची पावडर मूठभर नको, मापाने घ्या. निर्माल्य कुंडीत जिरवा, झाडे दुवा देतील.